आयडलिंगला हात लावण्याआधी

सगळ्यात आधी स्क्रू ड्रायव्हर लांब ठेवा. कार्बोरेटरच्या इंजिनात स्क्रू पिळला की आयडलिंग, म्हणजे पेडल न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, वरखाली व्हायचं. ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) इंजिनात थ्रॉटल बॉडीवर, म्हणजे आत जाणारी हवा फ्लॅपने कमीजास्त करणाऱ्या भागावर, तसाच स्क्रू दिसला, तरी तो बहुधा त्या कामाचा नसतो. फ्लॅप पूर्ण मिटून बोअरमध्ये अडकू नये म्हणून कंपनीने बसवून दिलेला तो अटकाव असतो. तो फिरवला की टीपीएसचं (फ्लॅप किती उघडा आहे ते सांगणाऱ्या सेन्सरचं) बंद स्थितीतलं व्होल्टेज बदलतं, ईसीयूला पेडलवर पाय आहे असं वाटतं आणि ते आयडलच्या हिशोबात शिरतच नाही. काही जुन्या मॉडेलना वेगळा बायपास एअर स्क्रू असतो, पण तोही मॅन्युअलमध्ये लिहिलं असेल तरच.

म्हणून पहिली वस्तू मॅन्युअल. ते त्याच मॉडेलचं आणि त्याच इंजिनचं हवं. त्यातून गरम इंजिनचा ठरलेला आरपीएम (मिनिटाला फेरे) वहीत उतरवून घ्या. बहुतेक पेट्रोल इंजिनांत तो ६०० ते ८५० च्या दरम्यान असतो, पण ‘दरम्यान’वर काम करू नका. सोबत लाइव्ह डेटा दाखवणारा स्कॅनर (नुसता बिघाडाचे कोड वाचणारा पुरत नाही), मल्टिमीटर, थ्रॉटल बॉडी क्लीनर, धागे न सुटणारं कापड, थ्रॉटल बॉडीचं नवं गॅस्केट आणि बॅटरी चार्जर ठेवा. क्लीनर थ्रॉटल बॉडीचाच घ्या. काही बोअरना कारखान्यातच लेप दिलेला असतो आणि जहाल कार्ब क्लीनर तो खरवडून काढतो.

गाडी उघड्यावर, सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना अडण्या लावा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण. रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो, तेव्हा बाह्या आणि वायर त्यापासून दूर.

बॅटरी लोक विसरतात. विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा मिळायला हवेत. इग्निशन चालू ठेवून स्कॅनर लावला की बॅटरी हळूहळू उतरते, आणि व्होल्टेज पडलं की लर्निंग (ईसीयूने आयडलचा हिशोब नव्याने शिकणं) अर्ध्यात सोडून दिलं जातं.

मग कोड. पी ०५०६ म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा कमी, पी ०५०७ म्हणजे जास्त. उतावीळपणे पुसू नका. आधी कोड आणि त्यासोबतचा फ्रीझ फ्रेम डेटा (कोड पडला त्या क्षणाची नोंद) टिपून घ्या, कारण बिघाड झाला तेव्हा इंजिन गरम होतं की थंड, हे तिथेच कळतं. लाइव्ह डेटात पेडल न दाबता थ्रॉटल १० ते १५ टक्के दिसला तर दचकू नका. पाच व्होल्टच्या सेन्सरचं बंद स्थितीतलं व्होल्टेज बऱ्याच गाड्यांत अर्ध्या व्होल्टच्या आसपास असतं, तेच टक्क्यांत दिसतं. पण पेडलचं वाचन मोकळ्या स्थितीतही हलत असेल तर आधी पायाखालची मॅट बाजूला करून बघा. थ्रॉटल केबलवर चालत असेल तर केबलला जराशी ढील आहे ना, तेही.

खरा वेळ द्यायचा तो हवेच्या गळतीला. आयडलवर मॅनिफोल्डमध्ये (थ्रॉटल बॉडीतून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या भागात) ओढ सर्वात जास्त आणि आत जाणारी हवा सर्वात कमी, त्यामुळे बारीक भेगही इथेच बोलते. पीसीव्हीचा (क्रँककेसमधले वायू परत इंजिनात नेणाऱ्या वाटेचा) रबरी एल्बो वरून धडधाकट दिसतो. काढून हाताने वाकवला की खालच्या बाजूची चीर उघडते. ब्रेक बूस्टरचा पाइप, मॅनिफोल्डचं गॅस्केट, ऑइल भरायची टोपी आणि डिपस्टिकची रिंगही तपासा. मास एअर फ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या) इंजिनात फ्यूल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधनात करत असलेली कमीजास्त दुरुस्ती, पुरावा देतो: आयडलवर अधिक १५-२० टक्के आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ आला, तर सेन्सरच्या पुढे कुठेतरी न मोजलेली हवा घुसते आहे. मॅप सेन्सरच्या (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या) इंजिनात ट्रिम फारसा हलत नाही, नुसता आरपीएम चढतो. गळती तशीच ठेवून लर्निंग केलं तर ईसीयू त्या गळतीलाच धरून हिशोब बसवतं.

थ्रॉटल बॉडी साफ करायची तर इग्निशन बंद, कनेक्टर काढलेला. क्लीनर कापडावर मारा, मोटर आणि सेन्सरच्या बाजूला फवारू नका. काजळीची काळी कडी फ्लॅपच्या काठावर आणि त्याला टेकणाऱ्या बोअरवर जमते, तिथेच पुसायचं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलचा फ्लॅप बोटाने रेटून उघडू नका. आत छोटे गिअर असतात. साफसफाईनंतर आयडलिंग वर गेलं तर बिघडलं असं धरू नका. काजळीच्या अडथळ्याला धरून शिकलेला कोन ईसीयू अजून वापरतं, इतकंच.

त्यासाठीच लर्निंग, आणि त्याच्या अटी मॅन्युअलमधून शब्दशः पाळायच्या. निसानच्या बऱ्याच गाड्यांत ही यादी छापलेलीच आहे: शीतकाचं तापमान ७० ते १०० अंश सेल्सिअस, आयडलवर बॅटरी १२.९ व्होल्टच्या वर, गिअर पार्क किंवा न्यूट्रलमध्ये, स्टिअरिंग सरळ, एसी-दिवे-डिफॉगर बंद, गिअरबॉक्सही गरम. तिथे पेडलची मोकळी स्थिती, मग थ्रॉटलची बंद स्थिती, शेवटी आयडलची हवा, असा क्रम आहे. दुसऱ्या कंपनीची पद्धत वेगळी असते. एकीची सेकंदं दुसरीवर मोजण्यात अर्थ नाही. रेडिएटरचा पंखा मध्येच लागला तर तो थांबेपर्यंत तुम्हीही थांबा.

स्वतंत्र प्रोग्रॅमेबल ईसीयू असेल तर वेगळी तयारी: तापमानानुसार टार्गेट आरपीएमचा तक्ता आणि चालू मॅपची (ईसीयूतल्या सेटिंगच्या तक्त्यांची) जपून ठेवलेली प्रत. आधी क्लोज्ड लूप (आरपीएम पाहून ईसीयू आपोआप करतं ती दुरुस्ती) बंद करून मूळ हवा आणि इग्निशन टायमिंग बसवा. नाहीतर तुम्ही आणि ईसीयू एकमेकांना दुरुस्त करत बसता आणि आरपीएमची सुई झोके घेते.

लर्निंग झाल्यावर एसी लावून बघा, उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवून बघा, ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून डीमध्ये टाका. आरपीएम क्षणभर ढळून जागेवर आला पाहिजे. इंजिन रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी पेडलला पाय न लावता स्टार्ट करा. सुरुवातीला हजाराच्या वर जाऊन, गरम होत जाईल तसा तो वहीत लिहिलेल्या आकड्यावर उतरला की बॉनेट लावायला हरकत नाही.