जर्मनीला जाण्यापूर्वी फोन, इंटरनेट आणि कागदपत्रे : या चुका टाळा

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. परंतु पुण्याच्या माक्स म्युलर भवनात जर्मन शिकून तिकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांची आणि अभियंत्यांची रीघ त्याच्या कितीतरी आधीपासून लागलेली होती. निघणाऱ्याच्या घरी व्हिसा, विमानाचे तिकीट, प्रेशर कुकर आणि गोडा मसाला यांची चर्चा दोन-दोन महिने चालते. फोनचा नंबर, बँकेचे खाते आणि जन्मदाखला मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलले जातात. नंतर अडचणीत सापडणाऱ्यांनी बहुधा सगळी कामे केलेली असतात. फक्त त्यांचा क्रम उलटा झालेला असतो. ओटीपी ज्या नंबरवर येतो तो नंबर आधी बंद करायचा आणि खात्यावरचा नंबर बदलायला नंतर जायचे, हा त्यातला सर्वांत सामान्य प्रकार आहे.

नंबर आपोआप चालू राहील, हा समज

प्रीपेड सिम ड्रॉवरमध्ये टाकून ठेवले म्हणजे नंबर आपलाच राहतो, असे अनेकांना वाटते. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या म्हणजे ट्रायच्या नियमानुसार ९० दिवस कोणताही वापर झाला नाही तर कंपनी प्रीपेड नंबर बंद करू शकते. खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर तेवढे कापून आणखी ३० दिवसांची मुदत मिळते. हा झाला नंबर टिकण्याचा नियम. तो कामाचा राहण्यासाठी रिचार्जची वैधताही चालू असावी लागते, कारण ती संपल्यावर सेवा टप्प्याटप्प्याने बंद होत जाते आणि ओटीपी येणे थांबते. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केलेल्या दुरुस्तीनंतर कंपन्यांना केवळ कॉल आणि एसएमएस असलेले, डेटा नसलेले पॅक देणे भाग पडले आणि अशा पॅकची कमाल मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढली. परदेशी जाणाऱ्याला नेमके हेच हवे असते. निघण्याच्या आठवड्यात असा वर्षभराचा पॅक घ्यावा आणि तो संपण्याच्या तारखेच्या पंधरा दिवस आधीची आठवण फोनमध्ये लावून ठेवावी.

पॅक घेतला, पण आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू केले नाही, तर तो पॅक फ्रँकफुर्टच्या विमानतळावर उतरताच निरुपयोगी ठरतो. रोमिंगमध्ये येणारे एसएमएस साधारणपणे मोफत असतात, त्यामुळे ओटीपीसाठी वेगळा महागडा रोमिंग पॅक लागत नाही. मात्र रोमिंगची सुविधा नंबरवर चालू असली पाहिजे आणि ती भारतात असतानाच चालू करून तिची खातरजमा करून घेणे सोपे जाते. फोनमध्ये त्या सिमचा डेटा रोमिंग बंद ठेवावा. येणारा प्रत्येक कॉल उचलू नये, कारण पॅक नसताना रोमिंगमध्ये कॉल घेण्याचेही पैसे पडतात.

एक बारकावा मात्र फार थोड्यांना ठाऊक असतो. यूपीआय आणि बहुतेक बँकांची ॲप नवीन फोनवर सुरू करताना आपल्या सिमवरून एक एसएमएस बाहेर पाठवला जातो आणि तो पोहोचल्यावरच ॲप त्या फोनशी जोडले जाते. येणारा एसएमएस मोफत असला तरी बाहेर जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय एसएमएसला पैसे लागतात आणि अनेक पॅकमध्ये ते धरलेले नसतात. तिकडे गेल्यावर पहिल्या पगारात नवा फोन घेतला, ॲप टाकले आणि पडताळणी वारंवार अयशस्वी होऊ लागली, तर दोष ॲपचा नसून मुख्य शिल्लक शून्य असण्याचा असू शकतो. शंभर-दोनशे रुपयांचा टॉप-अप नंबरवर नेहमी ठेवावा, आणि फोन बदलायचाच असेल तर तो निघण्यापूर्वी बदलून सगळी ॲप त्यावर सुरू करून घ्यावीत.

भारतीय नंबर ई-सिमवर घेणे हा चांगला मार्ग आहे, कारण प्रत्यक्ष सिमची जागा जर्मन कार्डासाठी मोकळी राहते. परंतु सिम बदलल्यानंतर फसवणूक टाळण्यासाठी पहिले २४ तास त्या नंबरवरील एसएमएस सेवा थांबवलेली असते. जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस दुसऱ्या कंपनीत पोर्टही करता येत नाही. म्हणून पोर्ट करणे असो, पोस्टपेडचे प्रीपेड करणे असो किंवा ई-सिम घेणे असो, हे काम निघण्याच्या किमान महिनाभर आधी उरकावे. आदल्या रात्री ई-सिम घेऊन सकाळी बँकेच्या ओटीपीची वाट पाहत बसलेला एक भाचा माझ्या चांगला लक्षात आहे.

नंबर कोणाच्या नावावर आहे, हेही पाहावे. आपल्याकडे महाविद्यालयात जाताना घेतलेले सिम वडिलांच्या किंवा मामाच्या नावावर असते आणि दहा वर्षे तसेच चालते. परदेशात फोन हरवला तर बदली सिम मिळवण्यासाठी ज्याच्या नावावर नोंद आहे त्यालाच ओळखपत्रासह दुकानात जावे लागते. वडील पुण्यात असतील तर ती सोयही ठरते. पण नोंद आपल्या नावावर आणि आपण जर्मनीत, अशी स्थिती असेल तर मार्ग खुंटतो. आपल्या नावावर किती जोडण्या आहेत ते दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर पाहता येते. तरीही माझा कल असा आहे की ओटीपीचा नंबर आपल्या नावावर असावा आणि शक्य असल्यास तो ई-सिमवर असावा.

बँकेला न सांगता निघून जाणे

माझी स्वतःची चूक इथलीच होती. नोकरीसाठी बाहेर पडलो आणि भारतातले बचत खाते जसेच्या तसे चालू ठेवले. दीड वर्षाने केवायसीच्या वेळी शाखेने ते गोठवले आणि ते मोकळे करण्यासाठी लागणारा नमुना प्रत्यक्ष सहीसह मागितला. त्यात शाखेचा दोष नव्हता. परकीय चलन व्यवस्थापन कायदा १९९९, म्हणजे फेमा, याप्रमाणे नोकरीसाठी देशाबाहेर गेलेल्या व्यक्तीला साधे निवासी बचत खाते ठेवता येत नाही. ते एनआरओ, म्हणजे अनिवासींसाठीच्या, खात्यात रूपांतरित करून घ्यावे लागते. आयकरासाठी दिवस मोजण्याचा १८२ दिवसांचा नियम वेगळा आणि फेमाची व्याख्या वेगळी. या दोन्हींची सरमिसळ करून ‘अजून सहा महिने झाले नाहीत’ असे म्हणत बसणे चुकीचे आहे.

भारतातले भाडे, लाभांश, जुन्या ठेवींचे व्याज एनआरओ खात्यात येते आणि या खात्यावरील व्याजावर ३० टक्के दराने, वर अधिभार धरून, कर कापला जातो. जर्मनीतून पाठवलेल्या पैशांसाठी एनआरई खाते वेगळे उघडावे; त्यावरील व्याज भारतात करमुक्त असते आणि रक्कम विनाअडथळा परत नेता येते. पीपीएफचे जुने खाते मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येते, परंतु अनिवासी म्हणून नवीन उघडता येत नाही. पॅन आणि आधार जोडलेले नसल्यास १ जुलै २०२३ पासून पॅन निष्क्रिय धरले जाते. अनिवासींना या जोडणीतून सूट आहे, पण आपण अनिवासी आहोत हे आयकर खात्याच्या नोंदीत आलेले असावे लागते. केवळ गैरसमजातून अनेकांची पॅनकार्डे निष्क्रिय झाली.

परदेशी नंबरवर यूपीआय चालते असे ऐकून भारतीय सिम सोडून देणारेही भेटतात. जानेवारी २०२३ मध्ये ही सोय ज्या दहा देशांच्या नंबरांसाठी जाहीर झाली त्यांत सिंगापूर, अमेरिका, ब्रिटन, संयुक्त अरब अमिराती होते, जर्मनी नव्हता. त्यामुळे ऐकीव माहितीवर सिम मोडीत काढू नये.

नावातला फरक आणि अपॉस्टिलची घाई

आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असते. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा असतो. पदवीवर कधी वडिलांचे नाव असते, कधी फक्त आद्याक्षर. मराठी माणसाला हे सगळे एकाच व्यक्तीचे आहे हे सहज समजते. जर्मन नोंदणी कार्यालयातल्या अधिकाऱ्याला समजत नाही. विवाहानंतर पासपोर्टवर नाव बदललेले आणि पदवी माहेरच्या नावाची, हा तर घरोघरीचा प्रश्न आहे. लग्नाचा अल्बम कितीही जाड असला तरी उपयोगी पडतो तो विवाह नोंदणीचा दाखला, म्हणजे महाराष्ट्रातला ‘नमुना ई’. लग्न होऊन आठ वर्षे झाली आणि नोंदणीच केलेली नाही, अशी जोडपी अजूनही सापडतात. नोंदणी आधी करावी आणि पती-पत्नीच्या एकत्रित व्हिसाचा अर्ज त्यानंतरच भरावा. नाव खरोखरच बदललेले असेल तर राजपत्रातील प्रसिद्धी करून घ्यावी, कारण नुसते नोटरीचे प्रतिज्ञापत्र तिकडे फारसे चालत नाही.

जन्मदाखल्यावर बाळाचे नावच नसणे, हा आणखी एक प्रकार आहे. पूर्वी जन्माची नोंद रुग्णालयातून होई, बारसे नंतर होई आणि नाव चढवायचे राहून जाई. आज तिशी-चाळिशीत असलेल्या कितीतरी जणांच्या दाखल्यावर ती जागा रिकामी आहे. महानगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन नाव चढवून घेणे आणि इंग्रजीसह दाखला घेणे, याला आठवडे लागतात.

आता अपॉस्टिलविषयी, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून परराष्ट्र मंत्रालय करते त्या साक्षांकनाविषयी. भारत २००५ मध्ये हेग अपॉस्टिल करारात सामील झाला आणि तेव्हापासून परराष्ट्र मंत्रालयाचा तो चौकोनी स्टिकर सर्व देशांसाठी रामबाण आहे असे एजंट सांगत आले आहेत. प्रत्यक्षात जर्मनीने भारताच्या प्रवेशावर हरकत नोंदवली होती. त्यामुळे जर्मन कार्यालयांना शंका आली तर ती भारतातील जर्मन वकिलातीमार्फत मूळ नोंदीची पडताळणी करवून घेतात. वकिलातीने नेमलेली व्यक्ती ग्रामपंचायतीच्या नोंदवहीपर्यंत जाऊन पाहते. खर्च अर्जदाराचा आणि वेळ काही महिन्यांचा. अपॉस्टिलवर हजारो रुपये घालण्यापूर्वी ज्या कार्यालयाला कागद द्यायचा आहे त्याला लेखी विचारावे. दुबई-अबुधाबीला जाणाऱ्यांचा मार्ग पुन्हा वेगळा आहे: अमिराती या करारात नसल्याने तिथे वकिलातीचे साक्षांकन लागते. जर्मनीला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे, प्रमाणपत्र आवश्यक झाले आहे. ते आठवडे घेते, म्हणून प्रवेशपत्राची वाट न पाहता अर्ज करावा.

प्रमाणपत्रे लॅमिनेट करू नयेत. झेरॉक्सच्या दुकानात पाच मिनिटांत चढवलेले प्लास्टिक मागच्या बाजूस शिक्का मारू देत नाही आणि ते काढताना कागद फाटतो.

वाहन परवाना बरोबर न्यावा. जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून तो सहा महिनेच चालतो, तोही अनुवाद किंवा आंतरराष्ट्रीय परवान्यासह.

तिकडचे सिम, तिकडचे इंटरनेट

जर्मनीत जुलै २०१७ पासून प्रीपेड सिमलाही ओळख पडताळणी लागते. ती झाल्याखेरीज दुकानातून घेतलेले कार्ड सुरू होत नाही, आणि व्हिडिओ कॉलवरून पडताळणी करायला आधी इंटरनेट लागते. पहिल्या दोन-तीन दिवसांसाठी भारतातूनच एखादे प्रवासी ई-सिम डेटासह घेऊन जावे. हे साधे आहे, पण स्टेशनवर उतरून घरमालकाला फोन करता येत नाही तेव्हा त्याची किंमत कळते.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे ‘आनमेल्डुंग’, करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. नोंदणी झाली की अकरा अंकी करक्रमांक टपालाने येतो. इथे होणारी चूक विचित्र वाटेल: टपालपेटीवर आपले नाव नसणे. जर्मन पोस्टमन घरक्रमांकावर पत्र टाकत नाही, पेटीवरील नाव पाहून टाकतो. नाव नसेल तर बँकेचे कार्ड, विम्याचे पत्र, करक्रमांक, सगळे परत जाते, आणि करक्रमांक कंपनीला वेळेत न मिळाल्यास पगारातून वाढीव दराने कर कापला जाऊ शकतो. भाड्याने एक खोली घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी कागदाची पट्टी चिकटवावी. काही आठवड्यांनी दूरदर्शन-रेडिओ शुल्काचे पत्र येते, घरटी महिना १८.३६ युरो. घरात टीव्ही नाही म्हणून ते फेकून देऊ नये. एकाच घरात चार जण राहत असतील तर एकाने भरले तरी पुरते, मात्र बाकीच्यांनी तसे कळवायचे असते.

ब्रॉडबँडचा करार बहुधा २४ महिन्यांचा असतो. १ डिसेंबर २०२१ पासून मुदत संपल्यावर तो महिन्याभराच्या सूचनेने मोडता येतो, पण मुदतीच्या आत मोडता येत नाही. नव्या पत्त्यावर तीच कंपनी सेवा देऊ शकत नसेल तर तेवढी सूट आहे. सहा महिन्यांच्या प्रकल्पावर आलेल्याने दोन वर्षांचा करार करणे ही पैशांची उधळपट्टी आहे. ऑनलाइन केलेला करार १४ दिवसांत रद्द करता येतो. जोडणीसाठी तंत्रज्ञ येण्याची तारीख काही आठवड्यांनंतरची मिळते आणि त्या दिवशी सकाळी ८ ते १२ घरी थांबावे लागते. एकदा ती वेळ चुकली की पुन्हा तितकीच प्रतीक्षा. तोपर्यंत जास्त डेटाचे मासिक सिम पुरेसे होते.

मागे राहिलेल्या घराचे इंटरनेट

आपण नावावर घेतलेले ब्रॉडबँड आई-वडिलांच्या घरी चालू असते, बिल आपल्या डेबिट कार्डावरून आपोआप जात असते, आणि खाते एनआरओ झाल्यावर ते कार्ड बदलते. पुढच्या महिन्यात बिल अडकते, जोडणी बंद पडते आणि रविवारचा व्हिडिओ कॉल लागत नाही. जोडणी वडिलांच्या नावावर करून घ्यावी आणि बिल त्यांच्या खात्यातून जाईल असे पाहावे. ग्राहक क्रमांक, तक्रारीचा दूरध्वनी आणि वायफायचा पासवर्ड एका कागदावर ठळक अक्षरांत मराठीतून लिहून राउटरच्या मागच्या भिंतीवर चिकटवून ठेवावा. राउटर बंद करून दहा सेकंदांनी परत सुरू करायचा, ही सूचनाही त्याच कागदावर लिहावी.