चॅनेल गेलं तरी मार्ग टिकवला

कॉग्निटिव्ह रेडिओच्या (म्हणजे परवानाधारकांची रिकामी चॅनेल वापरणाऱ्या रेडिओच्या) सिम्युलेशनमध्ये एओडीव्ही हा वायरलेस नेटवर्कमध्ये मार्ग शोधणारा प्रोटोकॉल चालवत होतो. परवानाधारक वापरकर्ता चॅनेलवर आला की नोड (नेटवर्कमधले रेडिओ) ते चॅनेल सोडायचे आणि प्रोटोकॉल लिंक तुटली असं धरायचा. लगेच रूट एरर (मार्ग तुटल्याचा संदेश), मागोमाग रूट रिक्वेस्टचा (नवा मार्ग शोधणाऱ्या संदेशांचा) पूर. ट्रेस फाइलमध्ये बघितलं तर शेजारचा नोड जागच्या जागी! २००३ च्या आरएफसी ३५६१ या एओडीव्हीची व्याख्या करणाऱ्या दस्तऐवजातल्या रूट रिक्वेस्टमध्ये चॅनेलसाठी रकानाच नाही.

म्हणून रिक्वेस्टमध्येच मोकळ्या चॅनेलची यादी घातली आणि राउटिंग टेबलात पुढच्या हॉपसोबत (टप्प्यासोबत) राखीव चॅनेल नोंदवलं. आता दोन्ही नोड आधी तिकडे सरकतात; तेही व्यापलेलं असेल तरच एरर निघते. कमीत कमी हॉपचा निकषही काढला. परवानाधारक सारखा येत असेल, तर तिथला जवळचा मार्ग काय कामाचा?