जुनं प्रेशराइज्ड विमान घ्यायचंय? आधी मेकॅनिक शोधा

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्री किंवा मशीन शॉप चालवणाऱ्या माणसाला जुन्या मालाचं भय नसतं. सेकंडहँड लेथ घ्यायला गेला की तो आधी बेडवरून बोट फिरवतो, स्पिंडल हलवून बघतो, रंगाकडे सगळ्यात शेवटी बघतो. हाच माणूस विमान बघायला गेला की कातडी सीटांवर आणि चकचकीत पडद्यांवर भाळतो. पायलट लायसन्स काढलेल्या दोघा-तिघांनी मला विचारलं, "एका पिस्टन इंजिनाचं, प्रेशराइज्ड, जुनं विमान मिळतंय. घेऊ का वो?" त्यांना दिलेलं उत्तर इथं जरा सविस्तर लिहितोय.

कुठं जायचंय ते आधी ठरवा

प्रेशराइज्ड केबिन म्हणजे थोडक्यात कुकर. इंजिनाच्या टर्बोचार्जरमधून आलेली हवा केबिनमध्ये भरली जाते आणि मागच्या बाजूचा आउटफ्लो व्हॉल्व्ह शिट्टीसारखा जादा हवा सोडत राहतो. तो अडकला तर सेफ्टी व्हॉल्व्ह आहे. दाराचं सील म्हणजे गॅस्केट. फायदा इतकाच की २०-२५ हजार फुटांवर नाकाला ऑक्सिजनची नळी न लावता बसता येतं.

आता बेळगावहून पुणं सरळ रेषेत साधारण ३०० किलोमीटर. तेवढ्यासाठी २० हजार फूट चढायचं आणि लगेच उतरायचं, हा आतबट्ट्याचा व्यवहार. राजकोट साधारण ८०० किलोमीटर, कोइमतूर ६००. कास्टिंगच्या धंद्यात या दोन गावांना फेऱ्या असतील तर हिशोब थोडा जुळायला लागतो. महिन्यातून असा एखादाच प्रवास होत असेल तर साधं, बिनप्रेशरचं टर्बो विमान आणि ऑक्सिजनची बाटली पुरते.

दुसरी गोष्ट लायसन्सची. भारतात नजरेच्या नियमांनी, म्हणजे व्हीएफआरने, १५ हजार फुटांच्या वर उडता येत नाही, रात्रीही नाही. इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे नुसत्या उपकरणांच्या भरवशावर उडायची परवानगी, नसेल तर ज्या उंचीसाठी पैसे मोजले त्या उंचीवर तुम्हाला जाताच येणार नाही. विमानाआधी रेटिंग काढा.

तिसरी गोष्ट आपल्या पावसाची, आणि ती जाहिरातीत कोणी सांगत नाही. आंबोली-चोर्ल्याच्या अंगाने जूनपासून जे ढग चढतात त्यांत शून्य अंशाची रेषा साधारण १६ ते १८ हजार फुटांवर असते. म्हणजे प्रेशराइज्ड विमानाची जी आवडती उंची, नेमकी तिथंच ढगात शिरलात तर पंखांवर बर्फ धरतो. बर्फाच्या हवेत उडायची मान्यता असलेली सामग्री विमानावर आहे का, आणि ती आज चालते का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ती असली तरी ती सुटकेसाठी, त्यात तासभर फिरण्यासाठी नव्हे. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या गडगडाटी ढगांना तर कुठलीच सामग्री पुरत नाही. पावसाळ्याचे चार महिने विमान बरेच दिवस हँगरमध्येच राहणार, हे धरून खर्च मांडा.

बाजारात आहे काय

यादी छोटी आहे. मूनी एम-२२ हे साठच्या दशकातलं, मोजकीच बनली. ते संग्रहालयवाल्यांसाठी सोडा. सेस्ना पी-२१० हे १९७८ पासूनचं, ३१० हॉर्सपॉवरचं. त्याच्या केबिनमधला दाब बाहेरच्यापेक्षा जास्तीत जास्त ३.३५ पीएसआयने (दर चौरस इंचाला पौंड) जास्त ठेवता येतो, त्यामुळे २३ हजार फुटांवर आत १२ हजार फुटांसारखं वाटतं. पायपर मालिबू १९८४ पासून आलं, तिथं हाच आकडा ५.५ पीएसआय. २५ हजार फुटांवर आत ८ हजार. १९८९ मध्ये त्याच कुळातलं मिराज आलं, ३५० हॉर्सपॉवरच्या लायकमिंग इंजिनाचं, आणि पुढे एम-३५०.

स्वस्त म्हणून लोक पी-२१० कडे वळतात. पण त्याचं उत्पादन १९८६ मध्ये थांबलं, म्हणजे सगळ्यात तरुण पी-२१० सुद्धा आज चाळिशीला टेकलंय. परदेशातून जुनं विमान आणताना डीजीसीए, म्हणजे विमानवाहतुकीचं सरकारी नियामक खातं, वयाची अट बघते, आणि प्रेशराइज्ड विमानांना ती वेगळी लावते, कारण प्रत्येक उड्डाणात केबिन फुगते आणि आवळते, धातू थकतो. म्हणून टोकन द्यायच्या आधी त्या विमानाचा मॉडेल, सिरीयल नंबर आणि उत्पादनाचं वर्ष देऊन डीजीसीएकडून लेखी उत्तर घ्या. एजंटचा "होऊन जाईल हो" हा शब्द लेखी उत्तर नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून खासगी वापराच्या विमानावर जीएसटी ४० टक्के झालाय, आयात करताना त्याशिवाय कस्टम्स ड्युटी. अमेरिकेतली किंमत बघून मनातल्या मनात रुपये करणाऱ्यांनी हा आकडा आधी जोडावा.

माझं मत विचाराल तर आधीपासून व्हीटी नंबर (भारतातली नोंदणी) असलेलं, भारतातच उडत असलेलं विमान मिळालं तर थोडं महाग पडलं तरी तेच बघा. डीजीसीएच्या नोंदीत त्यावर बँकेचा बोजा आहे का, हे मात्र तपासून घ्या. शेत घेताना महाराष्ट्रात सात-बारा बघतात, आपल्याकडं उतारा बघतो, तसंच हे.

मेकॅनिक आणि पेट्रोल

विमान पसंत पडण्याआधी तीन फोन करा. पहिला अशा लायसन्सधारक एएमईला, म्हणजे विमानाच्या मेकॅनिकला, ज्याने हेच इंजिन आणि हेच मॉडेल हाताळलंय. साध्या ट्रेनर विमानावर वर्षानुवर्षं काम केलेल्या मेकॅनिकलासुद्धा प्रेशर कंट्रोलर, टर्बो आणि दाराचं सील नवं असतं. जवळपास तसा माणूस नसेल तर प्रत्येक छोट्या बिघाडाला विमान जागेवर उभं राहील आणि तुम्ही त्याचं भाडं भराल.

दुसरा फोन इंधनासाठी. ही इंजिनं एव्हगॅस १०० एलएलवर, म्हणजे विमानाच्या खास पेट्रोलवर चालतात. पंपावरचं इथेनॉलचं पेट्रोल चालत नाही, जेट विमानाचं इंधन तर अजिबात नाही. इंडियन ऑईलने २०२२ पासून वडोदऱ्याच्या रिफायनरीत एव्हगॅस बनवायला सुरुवात केली, त्याआधी सगळं आयात व्हायचं. तरीही ते प्रत्येक विमानतळावर मिळेलच असं नाही. तासाला ६०-७५ लिटर पिणाऱ्या विमानाचे पिंप कुठून येणार, कोण भरणार, राजकोटला पोचल्यावर परतीचं काय, हे आधी विचारा.

तिसरा विमानतळाला, हँगरसाठी. सांबऱ्याला, म्हणजे बेळगावच्या विमानतळावर, जागा नसेल तर कोल्हापूर, हुबळी बघा. उघड्यावर ठेवायचा विचार आपल्या पावसात करू नका.

लॉगबुक वाचायला बसा

एक रविवार मोकळा ठेवा. एकूण किती तास झाले यापेक्षा ते तास कसे झाले हे महत्त्वाचं. सहा वर्षांत चाळीस तास उडालेलं विमान "लो टाइम" म्हणून विकलं जातं, पण उभ्या इंजिनात गंज धरतो. लायकमिंगमध्ये कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो, तेल निथळून जातं आणि तो कोरडा पडतो. दर आठवड्याला उडणारं, जास्त तास झालेलं इंजिन मला तरी त्यापेक्षा बरं वाटतं.

मधली पानं गहाळ आहेत का, हस्ताक्षर आणि शाई एकाच दिवशी बसून लिहिल्यासारखी आहे का, प्रोपेलर अचानक का बदलला (पोटावर उतरलं होतं का?), एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह (सुरक्षेसाठीचे सक्तीचे तपासणी-दुरुस्तीचे आदेश) एकेक करून पूर्ण केलेत का, हे बघा. टर्बोच्या एक्झॉस्टला जोडणाऱ्या व्ही-बँड क्लॅम्पला तडा गेला तर इंजिनाच्या खोलीत आग लागते. त्या क्लॅम्पची नोंद नसेल तर तिथंच थांबा.

२१० च्या कुळात आणखी एक जागा. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात माउंट आयसाजवळ या कुळातल्या एका विमानाचा पंख हवेतच तुटला. दोन्ही पंखांचा भार पेलणाऱ्या कॅरी-थ्रू स्पारवर गंजाचा छोटा खड्डा होता, तिथून फट वाढत गेली. छताचं अस्तर काढून ती जागा तपासल्याची नोंद मागा. विमान आधी किनाऱ्याजवळ राहिलेलं असेल तर दुप्पट काळजीने.

तपासणी आणि चाचणीचं उड्डाण

प्री-बाय, म्हणजे खरेदीआधीची, तपासणी करणारा माणूस तुमचा हवा, आजवर त्याच विमानाची देखभाल करणारा नको. स्वतःच्या कामात खोट कोण दाखवणार? सौद्याच्या कागदात लिहून घ्या की तपासणीत मोठा दोष निघाला तर टोकन परत.

सिलिंडरमध्ये ८० पीएसआय हवा देऊन त्यातली किती टिकते ते बघतात, पण माझा भरवसा बोरस्कोपवर, म्हणजे सिलिंडरच्या आत घालून बघायच्या दुर्बिणीवर, जास्त. एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर जळाल्याचा डाग एका बाजूलाच गडद असेल तर तो व्हॉल्व्ह लवकरच जाणार. तेलाचा फिल्टर कापून त्यात धातूचा चुरा आहे का बघायला सांगा. फौंड्रीवाल्याला चुरा ओळखायला कोणी शिकवायला नको.

जमिनीवर केबिनमध्ये दाब भरून गळती मोजून घ्या. मग वर न्या, खरंच २० हजार फुटांवर न्या. विक्रेता "आज वेळ नाही, दहा हजारापर्यंत जाऊ" म्हणाला तर दुसऱ्या दिवशी या. वर गेल्यावर केबिनचा आकडा (आतली हवा किती फुटांवरची वाटते तो) स्थिर झाला की पॉवर हळूहळू कमी करा. टर्बोची हवा कमी झाली की केबिनचा आकडा थोडा चढणं स्वाभाविक, पण लिफ्टसारखा वर पळायला लागला तर कुठंतरी गॅस्केट गेलंय. चढताना सिलिंडर हेडचं तापमान आणि टर्बोत शिरणाऱ्या वायूचं तापमान फोनवर टिपून ठेवा. पी-२१० या बाबतीत गरम डोक्याचं विमान आहे.

परत सांबऱ्याला उतरताना एक हिशोब करून बघा. धावपट्टी समुद्रसपाटीपासून २,४८७ फूट उंच. मे महिन्यात पारा ३८ वर असला की पंखाला आणि प्रोपेलरला ती हवा ५,८०० फुटांवरच्या हवेसारखी विरळ लागते. टर्बो इंजिनाची ताकद टिकवतो, पण धाव लांबतेच. माहितीपत्रकातले आकडे थंड, समुद्रसपाटीवरच्या दिवसाचे असतात.

दोन अपघात

पहिला, २१ जानेवारी २०१९ चा. फुटबॉलपटू एमिलियानो साला ज्या मालिबूत होता ते इंग्लिश खाडीत कोसळलं. ब्रिटिश तपासात निघालं की एक्झॉस्टमधून गळलेला कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये शिरला होता आणि पायलटवर त्याचा परिणाम झाला असावा. चालू कार्बन मोनॉक्साइड अलार्म विमानात नव्हता. या जातीच्या विमानात केबिनची हवा आणि इंजिन यांचं नातं फार जवळचं. सौदा झाल्या दिवशी आवाज करणारा अलार्म बसवा, आणि एक्झॉस्टचे पाइप दर तपासणीत आरशाने बघा.

दुसरी १९८९ ते १९९१ मधली मालिका. मालिबू-मिराज विमानं एकामागून एक हवेत मोडली आणि अमेरिकेच्या एफएए या विमान नियामक संस्थेने काही काळ ढगातल्या उड्डाणांवर बंधनं घातली. विमानाची रचना ठीक ठरली. पायलटांच्या हाताळणीबरोबर एक मुद्दा पुढे आला तो पिटो हीटचा: हीट लावली नसेल तर वेग सांगणारी पिटो नळी बर्फाने बंद होते आणि काटा खोटं सांगतो. म्हणून विमान घेतल्यावर त्याच मॉडेलचं प्रशिक्षण घ्या. विमा कंपनी बहुधा ते मागेलच, आणि प्रीमियम ऐकून तुम्ही जरा वेळ गप्प बसाल.

घरी आणल्यावर

परदेशातून आणायचं तर दोन वाटा: फेरी पायलटकडून (विमान पोचवून देणाऱ्या पायलटकडून) उडवत, किंवा पंख काढून कंटेनरमध्ये. दुसरीत जोडणी करणारा एएमई तुमचाच असतो, म्हणजे पहिला फोन पुन्हा कामाला आला. प्रत्येक उड्डाणाला फ्लाइट प्लॅन आणि हवाई दलाचा एडीसी नंबर (उड्डाणाच्या मंजुरीचा क्रमांक) लागतो, त्याची सवय होईपर्यंत निघायच्या बऱ्याच आधी कामाला लागा.

आणि लाल पट्टीचं पिटो कव्हर विमान उभं राहिल्या राहिल्या घाला. आपल्याकडची कुंभारमाशी तास-दोन तासांतही त्या नळीत चिखलाचं घर बांधायला घेते. कव्हर विसरलात तर निघण्याआधी टॉर्च मारून आत बघा, आणि धावपट्टीवर वेगाचा काटा हलला नाही तर उडू नका, ब्रेक मारा.