नवं घर आधी गच्चीवर आखून बघा

रिडेव्हलपमेंटच्या, म्हणजे जुनी बिल्डिंग पाडून नवी बांधण्याच्या, नकाशात बेडरूम ऐसपैस दिसते. ताबा मिळाल्यावर पलंग आत गेला की कपाटाचं दार अर्धंच उघडतं. आम्ही दादरच्या भाड्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवर नवं घर खडूने आधीच आखून पाहिलं. खर्च एका खडूच्या पेटीचा.

१. ऊन उतरल्यावर टेपने मोजून खोल्या खऱ्या मापात आखा. १० बाय १२ म्हणजे खरोखर दहा फूट, बारा फूट. दार जिकडे उघडतं तिकडे त्याचा पाव गोलही काढा. हा बहुतेक सगळे विसरतात.

२. सामानाच्या जागी जुनी वर्तमानपत्रं पसरा. डबल बेड साधारण ५ बाय साडेसहा फूट, कपाट २ फूट खोल. पलंग आणि कपाट यांच्यात अडीच फूट तरी सोडा. कागदांवर चपला ठेवा, नाहीतर वाऱ्याने सोफा शेजारच्या बिल्डिंगमध्ये जातो!

३. आता सकाळचे साडेसात वाजलेत असं समजा. आई ओट्याशी, एक जण डबा भरतोय, एकाला बाथरूमला जायचंय. आमच्याकडे फ्रिजचं दार थेट आईच्या पाठीला लागत होतं. फ्रिज तिथल्या तिथे पॅसेजकडे सरकवला.

४. फोटो काढून ठेवा, इलेक्ट्रिशियनला पॉइंट दाखवायला.

मात्र नकाशातलं माप प्लास्टरच्या आधीचं की नंतरचं, हे बिल्डरच्या माणसाला विचारा. आधीचं असेल तर लांबी-रुंदीतून दोन-दोन इंच कमी धरा.