कोळशाच्या ब्रिटिश वाघिणींची मॉडेल्स: अक्षरांआधी सांगाडा तपासा

कोळशाच्या वाघिणींची (मालगाडीच्या डब्यांची) मॉडेल्स जमवणाऱ्याला सगळ्यात जास्त चकवतात त्या बाजूंवर रंगवलेल्या नावांनी. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रिटनमध्ये कोळसा वाहणाऱ्या लाखो वाघिणी रेल्वे कंपन्यांच्या नव्हत्याच. खाणी, घाऊक दलाल, गावोगावचे कोळसा व्यापारी, गॅस कारखाने यांनी त्या स्वतःसाठी घेतलेल्या होत्या आणि प्रत्येकाने आपलं नाव भल्यामोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं. मॉडेल बनवणाऱ्यांना ही सोय फार मोहाची आहे. एकच साचा काढायचा आणि त्यावर पन्नास मालकांची नावं छापायची. नाव खरं असतं, रंगही खरा असतो, पण अशी वाघीण त्या मालकाकडे कधीच नसते.

म्हणून तपासणी खालून वर करायची: आधी चाकं आणि सांगाडा, मग फळ्या आणि दारं, मग अक्षरं, आणि शेवटी काळ व प्रदेश. या क्रमात जिथे गाडी अडेल तिथे वाघीण परत ठेवायची. पुढची मापं ओओ स्केलची, म्हणजे १ फुटाला ४ मिमी (१:७६) या प्रमाणातली आहेत.

कॅलिपर लावल्याशिवाय पैसे देऊ नका

रेल्वे क्लिअरिंग हाउसने (ब्रिटिश रेल्वे कंपन्यांच्या सामाईक संस्थेने) १९२३ साली ठरवलेला १२ टनी लाकडी नमुना हा या संग्रहाचा पाया. त्याचा व्हीलबेस, म्हणजे दोन आसांमधलं अंतर, ९ फूट आणि हेडस्टॉकच्या (सांगाड्याच्या दोन टोकांच्या आडव्या तुळयांच्या) बाहेरच्या कडांमधली लांबी १६ फूट ६ इंच. मॉडेलवर हे अनुक्रमे ३६ मिमी आणि ६६ मिमी यायला हवं. लांबी मोजताना बफर धरायचे नाहीत. एन स्केलमध्ये (१:१४८) हेच आकडे सुमारे १८.५ आणि ३४ मिमी, तर ७ मिमीच्या ओ स्केलमध्ये ६३ आणि ११५.५ मिमी होतात.

जुन्या रेडीमेड मॉडेलांत व्हीलबेस ४० मिमी भरला तर समजायचं की १० फुटी सांगाडा खाली सरकवलाय. एकच सांगाडा बंद वाघिणीला, उघड्या वाघिणीला आणि कोळशाच्या वाघिणीलाही लावायची पद्धत बरीच वर्षं होती. हे ४ मिमी डोळ्याला लगेच खटकत नाहीत, पण योग्य मापाची वाघीण शेजारी ठेवली की मॉडेल ताणल्यासारखं दिसतं. वरची बॉडी चांगली असेल तर ९ फुटी सांगाड्याचं किट घेऊन दुरुस्ती होते. मात्र बॉडीही ६६ मिमीपेक्षा लांब असेल तर तो नाद सोडा. फळ्यांमधल्या पट्ट्या आणि दारांच्या जागा सगळ्याच पसरलेल्या असतात, त्या कापून जुळत नाहीत.

१९२३च्या आधीच्या, विशेषतः १८८७ आणि १९०७च्या नमुन्यांवर बांधलेल्या अनेक वाघिणी याहून आखूड होत्या. त्या काळातल्या व्यापाऱ्याचं नाव ६६ मिमीच्या बॉडीवर छापलेलं दिसलं तर शंका घ्यायलाच हवी.

चाकं साधारण १२.५ मिमी व्यासाची हवीत. आऱ्यांची की डिस्कची, हे त्या वाघिणीच्या फोटोवरून ठरवायचं. ग्रीसचे आणि ऑइलचे एक्सलबॉक्स (आसाच्या टोकावरच्या वंगणाच्या पेट्या) दिसायला वेगळे असतात, तेही फोटोशी ताडून घ्या.

दारं, पांढरा पट्टा आणि ब्रेक

इथे थोडा वेळ द्या, कारण चुका इथेच लपतात आणि त्या पकडायला पुस्तकसुद्धा लागत नाही.

कोळशाच्या लाकडी वाघिणीला बाजूची दारं असायचीच. याशिवाय काहींना एका टोकाला वरून लोंबणारं दार असायचं. बंदरावर वाघीण उचलून तिरपी केली की कोळसा त्या दारातून थेट जहाजात ओतला जायचा. हे टोकाचं दार कुठल्या बाजूला आहे ते हमालांना लांबून कळावं म्हणून बाजूवर तिरका पांढरा पट्टा रंगवत. पट्ट्याचं वरचं टोक दाराच्या दिशेला असतं. दार एकाच टोकाला असल्यामुळे एका बाजूने पाहिलं तर पट्टा डावीकडे चढतो आणि दुसऱ्या बाजूने पाहिलं तर उजवीकडे. मॉडेल फिरवून दोन्ही बाजू बघा. दोन्हीकडे पट्टा एकाच हाताला चढत असेल तर एका बाजूचा पट्टा बंद टोकाकडे बोट दाखवतोय. ही छपाईची चूक आजही सापडते. ती दुरुस्त करणं सोपं आहे: टूथपिकवर थोडं टी-कट (रंग घासून उतरवणारं पॉलिश) लावून पट्टा हलक्या हाताने उतरवा आणि पांढरा ट्रान्सफर (चिकटवायची छापील पट्टी) योग्य दिशेने लावा.

पट्टा आहे पण टोकाला दारच नाही, बिजागऱ्यांचा दांडा नाही, असंही दिसतं. तिथे ट्रान्सफरने भागत नाही, पट्टा पूर्ण काढावा लागतो. पण त्याआधी खऱ्या वाघिणीला दार होतं का ते पाहा. असेल तर चुकीची बॉडी वापरली आहे.

तिसरा प्रकार तळाच्या दारांचा. तळाला दारं असली की मधून आडवा ब्रेकचा दांडा जाऊ शकत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना स्वतंत्र ब्रेक लागतात आणि चारही चाकांना ब्रेकचे ठोकळे असतात. मॉर्टन नावाच्या ब्रेकच्या वाघिणीत ठोकळे एकाच बाजूच्या दोन चाकांना असतात, पण हाताचा दांडा दोन्ही बाजूंना असतो. तेव्हा वाघीण उलटी धरा. तळाला दारं दाखवली आहेत आणि ब्रेक मात्र एकाच बाजूला, असं असेल तर सांगाडा चुकीचा. दोन्ही बाजूंना ब्रेक लावण्याचा नियम १९११ सालचा, तोही नव्या वाघिणींसाठी. जुन्यांना मुदत मिळाली होती, त्यामुळे १९२०च्या दशकातल्या संग्रहात एकाच बाजूला ब्रेक असलेली जुनी वाघीण चालते. ब्रेकचा दांडा समोरून पाहताना उजव्या हाताला येतो, हेही बघून घ्या.

फळ्या मोजायला विसरू नका. पाच, सात, आठ फळ्यांच्या वाघिणी वेगवेगळ्या आहेत. सात फळ्यांसाठी काढलेली अक्षरं पाच फळ्यांवर दाबून बसवलेली असतात तेव्हा त्यांची उंची फळ्यांच्या सांध्यांशी जुळत नाही. खऱ्या रंगाऱ्याने अक्षरं आखताना फळीची कड धरलेली असे. फोटोत अक्षराचा पाय तिसऱ्या फळीच्या मध्यावर असेल तर मॉडेलवरही तिथेच हवा. कोक वाहणाऱ्या वाघिणींच्या वर जास्तीच्या पट्ट्यांचं कुंपण असतं, कारण कोक हलका असतो आणि १२ टन भरायला जागा जास्त लागते.

जुना फोटो वाचताना

ग्लॉस्टरच्या वॅगन कंपनीसारख्या बांधणाऱ्यांनी नव्या वाघिणींचे काढलेले फोटो हा सर्वोत्तम पुरावा. त्यांत टेअर, म्हणजे रिकाम्या वाघिणीचं वजन, खालच्या कोपऱ्यात तीन आकड्यांत लिहिलेलं दिसतं: टन, हंड्रेडवेट, क्वार्टर. वाघीण रिकामी झाल्यावर कुठल्या खाणीकडे परत पाठवायची तेही बऱ्याचदा लिहिलेलं असतं. तो मजकूर मॉडेलवर भिंगाखाली वाचता यायला हवा. वाचता येत नसेल तर छपाई फोटोवरून नव्हे, अंदाजाने केलेली आहे.

रंगाच्या बाबतीत मात्र हेच फोटो दगा देतात. त्या काळातल्या बहुतेक काचेच्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे तांबडी वाघीण फोटोत काळपट येते आणि निळी फिकट. बॉडीवरच्या लोखंडी पट्ट्या बहुधा काळ्या रंगवलेल्या असत. त्या पट्ट्या बॉडीपेक्षा जराशा गडद दिसल्या तर बॉडी काळी नाही, तांबडी किंवा तपकिरी असण्याची शक्यता धरा. नुसत्या फोटोवरून "काळी" असं ठरवून रंगवलेलं मॉडेल विकत घेऊ नका. रंगाचा लेखी उल्लेख हवा.

मर्यादित आवृत्तीच्या प्रमाणपत्रावर विसंबू नका. ते किती नग काढले एवढंच सांगतं. मागणी देणाऱ्या संस्थेने नाव आणि रंग कष्टाने शोधलेला असतो, पण साचा तिला निर्मात्याकडे असेल तोच मिळतो.

काळ ठरवला की यादी आपोआप छोटी होते

सप्टेंबर १९३९पर्यंत खासगी वाघीण मालकाच्या धंद्यापुरती फिरत असे. खाण ते व्यापारी आणि रिकामी परत. डेव्हनच्या छोट्या व्यापाऱ्याची वाघीण नॉर्थम्बरलँडच्या गाडीत यायला काही कारणच नाही. ईशान्य इंग्लंडमध्ये तर खासगी लाकडी वाघिणींची सरमिसळ दाखवणंच चूक, कारण तिथे नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या आणि पुढे एलएनईआरच्या (लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेच्या), तळातून रिकाम्या होणाऱ्या हॉपर वाघिणींचं राज्य होतं.

युद्ध सुरू झाल्यावर सरकारने या वाघिणी एकत्र ताब्यात घेतल्या. १९४० ते १९४७ या काळात कुठलीही वाघीण कुठेही गेलेली चालते, पण मग रंग उडालेला आणि अधूनमधून बदललेल्या फळ्या कोऱ्या लाकडाच्या हव्यात. चकचकीत रंगाच्या वाघिणींची युद्धकाळातली गाडी खोटी दिसते. १ जानेवारी १९४८ला राष्ट्रीयीकरण झालं आणि जुन्या खासगी वाघिणींना पी अक्षराने सुरू होणारे क्रमांक मिळाले. पुसट नावाच्या एका कोपऱ्यात काळा चौकोन आणि त्यात पांढरा पी क्रमांक, ही १९५०च्या आसपासची खूण.

त्यानंतरचा काळ १६ टनी पोलादी वाघिणीचा. तिचाही व्हीलबेस ९ फूट आणि लांबी १६ फूट ६ इंच. सगळ्यात जास्त संख्या १/१०८ या डायग्रॅमची (रेल्वेच्या अधिकृत आराखड्याची), दोन लाखांहून अधिक. बिनाव्हॅक्यूम ब्रेकवाल्या राखाडी, व्हॅक्यूम ब्रेकवाल्या तांबूस तपकिरी. वेगळेपणासाठी उतरत्या बाजूंची चार्ल्स रॉबर्ट्सची वाघीण आणि फ्रान्समधून परत आणलेली, कपाटासारख्या दुहेरी दारांची वाघीण एखाददुसरी ठेवा, जास्त नको. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून वीजकेंद्रांसाठी एचएए प्रकारच्या हॉपर आल्या. त्या ठरावीक संचाच्या गाड्यांमध्ये एकसारख्या धावत, म्हणून त्यांच्या गाडीत लाकडी वाघीण मिसळू नये.

तीस वाघिणींची १९३०च्या दशकातली टोटन (नॉटिंगहॅमशायरचं मालयार्ड) ते ब्रेंट (लंडनचं मालयार्ड) गाडी करायची असेल तर तीस वेगळी नावं घेऊ नका. दोन-तीन मोठ्या खाणींच्या मिळून अठरा, स्टीफन्सन क्लार्कसारख्या घाऊक दलालांच्या आठ आणि छोट्या व्यापाऱ्यांच्या चार एवढ्याच. छोट्या व्यापाऱ्याकडे मुळात वाघिणी मोजक्याच असत. एकाच मालकाच्या सहा वाघिणी घेताना सहा वेगळे क्रमांक हवेत. एकाच क्रमांकाचे दोन नग आले तर शेवटचे आकडे पातळ टूथपिकने उतरवून त्याच जाडीचे ट्रान्सफर लावा.

रुळावर आणि कपाटात

चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर ओओसाठी १४.५ मिमी ठेवा. कमी झालं तर फाट्यावर चाकाची पाठ चेकरेलला (रुळाच्या आतून लावलेल्या जोडरुळाला) अडते, जास्त झालं तर चाकाची कड क्रॉसिंगच्या नाकावर (रूळ छेदतात तिथल्या टोकावर) आदळते. वाघीण काचेवर ठेवून कोपरा दाबा. डुलली तर सांगाड्याला पीळ आहे. किट असेल तर चिकटवलेला सोलबार (सांगाड्याची बाजूची लांब तुळई) कोमट पाण्यात सैल करायचा प्रयत्न नको, तो सुटा करून काचेवरच पुन्हा जोडा. एकूण वजन ५० ग्रॅमच्या आसपास आणा, म्हणजे दर आसाला २५.

वजनासाठी शिशाचे छर्रे पीव्हीए गोंदात कधीही बसवू नका. गोंदातल्या आम्लाशी शिसं हळूहळू रासायनिक क्रिया करतं, फुगतं आणि काही वर्षांनी बॉडीच्या भिंती फोडून बाहेर येतं. पोलादी पट्टी किंवा नट घ्या आणि इपॉक्सीने बसवा.

कोळशासाठी खराच कोळसा फोडून चाळा. १ ते २ मिमीचा तुकडा म्हणजे प्रत्यक्षात तीन ते सहा इंचांचा, घरगुती कोळशाचा योग्य आकार. फोमचा तुकडा आत सैल बसेल असा कापा, त्यावर कोळसा पसरा आणि पाणी व पीव्हीए समप्रमाणात, त्यात एक थेंब भांड्यांचा साबण घालून ड्रॉपरने सोडा. साबण नसेल तर थेंब वरच गोल राहतो आणि कोळसा वाहून जातो. माल सुटा राहिला की तीच वाघीण परतीच्या गाडीत रिकामी चालते. मग आतला रंगही बघावा लागेल: लाकडी वाघीण आतून रंगवलेली नसे, ती कोळशाने काळवंडलेली राखाडी-तपकिरी हवी. पोलादी वाघीण आतून आधी गंजते.

जुन्या डब्यांतला फोम काही वर्षांनी चिकट होतो आणि रंगाला धरतो, म्हणून तो काढून टाका आणि वाघिणी आम्लरहित टिश्यू कागदात गुंडाळा. प्रत्येकीच्या नोंदीत निर्माता, मालकाचं नाव, क्रमांक, मोजलेला व्हीलबेस, ज्या फोटोशी ताडलं त्याचा ठावठिकाणा आणि उरलेली चूक लिहा. पुढचा चांगला साचा बाजारात आला की कुठली वाघीण बदलायची ते या शेवटच्या रकान्यातूनच कळतं.