पगार ठेकेदार देतो, मग रिटर्न कसा भरायचा?

बेळगावजवळचं उद्यमबाग, मच्छे, हत्तरगीतलं एरोस्पेस, सीमेपलीकडं महाराष्ट्रातलं शिनोळी: आपली कितीतरी पोरं तिथं काम करतात. गळ्यातल्या ओळखपत्रावर कंपनीचं नाव असतं, पण खात्यावर पैसे टाकतो तो ठेकेदार, म्हणजे मॅनपॉवर एजन्सी. आयकर खात्याला ओळखपत्राशी काही देणंघेणं नाही. पैसे कुणी दिले आणि कशाचे म्हणून दाखवले, एवढंच ते बघतं. अशाच एका एजन्सीत मी पगारपत्रकं केली, आता वडगावात लोकांचे रिटर्न भरून देते. म्हणून ठामपणे सांगते, रिटर्नला हात लावायच्या आधी 26 एएस उघडा, म्हणजे तुमच्या पॅनवर कुणी किती पैसे आणि कापलेला टॅक्स दाखवलाय त्याचा तक्ता.

आयकराच्या पोर्टलवर पॅन टाकून आत जा. ई-फाईलच्या मेनूमध्ये इन्कम टॅक्स रिटर्न्सखाली फॉर्म 26 एएस मिळतो. त्यात पैसे देणाऱ्याचं नाव आणि त्याचा टॅन, म्हणजे टॅक्स कापणाऱ्याचा नंबर, दिसेल. ती ओळ उघडली की आयकर कायद्यातल्या कलमाचा रकाना येतो (इथले कलमांचे आणि फॉर्मचे नंबर 2025-26 या आर्थिक वर्षापर्यंतचे आहेत). तिथं 192 असेल तर तुम्ही पगारदार. 194 जे असेल तर तुम्हाला सल्लागार किंवा व्यावसायिक म्हणून दाखवलंय. 194 सी म्हणजे कंत्राटाचं काम. कर कापलाच नसेल तर तिथं ओळ नसूही शकते. अशा वेळी नेमणूकपत्र आणि पगाराची स्लिप बघा, पीएफ-ईएसआय कापला जात असेल तर तो पगारच.

192 वाल्यांचं काम सोपं. ठेकेदारानं 15 जूनपर्यंत फॉर्म 16, म्हणजे पगार आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, द्यायचा असतो. तो कंपनीच्या एचआरकडं मागू नका, ठेकेदाराकडं मागा. बहुतेकांना रिटर्नचा साधा फॉर्म, आयटीआर-1, चालतो, मुदत 31 जुलै.

पण इथंच एक गैरसमज फार पसरलाय. 12 लाखांपर्यंत टॅक्स नाही, म्हणून रिटर्नही नाही, असं लोक धरून चालतात. नव्या करपद्धतीत 12 लाखांपर्यंत मिळते ती कलम 87 ए ची सवलत, आणि रिटर्न भरायची मर्यादा 2025-26 या वर्षासाठी 4 लाख आहे. महिना 45,000 पगार असेल तर वर्षाचे 5,40,000. त्यातून 75,000 ची प्रमाणित वजावट गेली की 4,65,000 उरतात. टॅक्स शून्य, तरी रिटर्न भरायलाच हवा. मुदत चुकली तर 31 डिसेंबरपर्यंत भरता येतो, पण 5 लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला 1,000 आणि त्यावर 5,000 रुपये विलंब शुल्क पडतं. काहीच टॅक्स नसताना हे पैसे का घालवायचे?

आता 194 जे. याच्यात पोरांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून नीट सांगते. समजा, एक बी.ई. झालेला मुलगा एजन्सीमार्फत डिझाइनचं काम करतो. महिना 40,000 ठरले, 10 टक्के कापून हातात 36,000 येतात. वर्षाला 48,000 कापले गेले. तो म्हणतो, “अक्का, टॅक्स कापलाय की, आता रिटर्न कशाला?” अरे बाळा, तो टॅक्स तुझा आहे, परत मागितल्याशिवाय कोण देणार? इंजिनिअरिंगच्या व्यवसायाला कलम 44 एडीए, म्हणजे हिशेबवह्या न ठेवता अंदाजे उत्पन्न दाखवायची सोय, लागू होतं. वर्षाची जमा 50 लाखांच्या आत असेल तर तिच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते. 4,80,000 चे निम्मे 2,40,000. हे 4 लाखांच्या खाली, म्हणजे दुसरं उत्पन्न नसेल तर सगळे 48,000 परत. आणि वर्षात 25,000 किंवा जास्त टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला टॅक्स, कापला असेल तर उत्पन्न कमी असलं तरी रिटर्न सक्तीचा आहे. फॉर्म लागतो आयटीआर-4. आयटीआर-1 भरून हे पैसे पगारात घालू नका, 26 एएसशी मेळ बसणार नाही. वर्षात काही महिने पगार आणि काही महिने 194 जे असेल तरीही आयटीआर-4 च. ठेकेदाराकडून फॉर्म 16 ऐवजी 16 ए घ्या, तो दर तिमाहीला निघतो.

194 सी मध्ये एकट्या माणसाचा 1 टक्का कापतात. तिथं 44 एडी, म्हणजे लहान धंद्यांसाठीची तशीच सोय, बघा, बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान 6 टक्के उत्पन्न दाखवायचं.

ठेकेदार वर्षाच्या मध्येच बदलला तर डोळ्यांत तेल घालून बघा. सप्टेंबरपर्यंत एक एजन्सी, ऑक्टोबरपासून दुसरी, खुर्ची तीच, साहेब तोच. महिना 1,20,000 घेणाऱ्या सीनियर इंजिनिअरचे वर्षाचे होतात 14,40,000. वजावट जाऊन 13,65,000, त्यावर उपकरासह टॅक्स 88,140. पहिल्यानं वर्षाचा अंदाज धरून निम्मा कापला, दुसऱ्यानं आपल्याच सहा महिन्यांचे 7,20,000 बघून काहीच कापलं नाही. दोन्ही फॉर्म 16 एकत्र केले की 44,070 भरायचे निघतात, वर व्याज. नव्या ठेकेदाराकडं रुजू होताना फॉर्म 12 बी मध्ये आधीचा पगार लिहून दिला असता तर हे टळलं असतं.

स्लिपवर टीडीएस कापलेला दिसतो आणि 26 एएसमध्ये नाही, असंही घडतं. ठेकेदारानं पैसे भरले नाहीत किंवा पॅन चुकीचा टाकला. त्याला ई-मेलवर लेखी कळवा आणि टीडीएसचं विवरण दुरुस्त करायला लावा. स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट जपून ठेवा. कलम 205 प्रमाणं, पगारातून खरंच कापलेला कर तुमच्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही. ते सिद्ध करायला हेच कागद लागतात.

रिटर्न पाठवल्यावर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय, म्हणजे ऑनलाइन पडताळणी, करा. आधारचा ओटीपी जुन्याच नंबरवर जात असेल तर तो आधी बदलून घ्या. आपल्याकडं पॅनवर पूर्ण नाव, बँकेत नुसती आद्याक्षरं, असं फार असतं. खातं पोर्टलवर प्रमाणित झालं नाही तर रिफंड अडकतो, म्हणून नाव बँकेत आधीच सारखं करून घ्या.

आणि ठेकेदार बदलला म्हणून पीएफ काढू नका. पाच वर्षांची सलग नोकरी भरायच्या आत काढलेली रक्कम साधारणपणे करपात्र होते, 50,000 किंवा जास्त असेल तर 10 टक्के टीडीएसही कापतात. यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच ठेवून जुनी रक्कम नव्या खात्यात ट्रान्सफर केली तर आधीची वर्षंही धरली जातात. हा अर्ज ईपीएफओच्या पोर्टलवर घरबसल्या करता येतो.