सपोर्टेड हाउसिंग बघायला जाताय? आधी किल्ली कोणाकडे राहणार ते विचारा

घरात कोणाला सिझोफ्रेनिया आहे, कोणाला बौद्धिक अक्षमता आहे, कोणी नुकतंच दारूतून बाहेर आलंय, कोणी मारहाणीचं घर सोडून आलीये, किंवा 18 पूर्ण झाली म्हणून बालगृहातून बाहेर पडावं लागणारं पोर आहे, अशा वेळी लोक दोनच मार्ग सांगतात, एकतर घरीच सांभाळा नाहीतर संस्थेत ठेवा. मधला मार्ग आहे आणि तो खरंच चांगला आहे. सपोर्टेड हाउसिंग म्हणजे त्या माणसाचं स्वतःचं घर किंवा निदान स्वतःची खोली, आणि मदत लागेल तेवढीच, कोणाला आठवड्यातून तासभर, कोणाला चोवीस तास. पण या नावाखाली काय वाट्टेल ते चालतं, त्यामुळे डोळे उघडे ठेवून निवडायचं.

सुरुवात जागा बघण्यापासून करू नका. आधी त्या माणसाबरोबर बसून (त्याच्याबद्दल नाही, त्याच्याबरोबर) रोजच्या दिवसाची यादी करा. उठणं, आंघोळ, गोळ्या, स्वयंपाक, गॅस, पैसे, बस, दारावर अनोळखी माणूस आला तर काय, रात्री भीती वाटली तर काय. प्रत्येकापुढे लिहा की एकट्याला जमतं, आठवण करून दिली तर जमतं, की कोणीतरी करून द्यावं लागतं. "त्याला एकटं राहता येणारच नाही" असं म्हणणाऱ्या घरात ही यादी केली की बऱ्याचदा अडचण चार-पाच ठिकाणीच निघते. आता समजा भाजी-पोळी सगळं जमतं पण गॅस बंद केला का हे लक्षात राहत नाही, तर त्यासाठी चोवीस तास माणूस कशाला, आपोआप बंद होणारी शेगडी पुरते, आणि वाचलेला वेळ सपोर्ट वर्करने (म्हणजे मदतीला येणाऱ्या माणसाने) त्याच्याबरोबर बँकेत जायला वापरावा.

आता किल्लीचं. मला विचाराल तर हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे. दाराला आतून कडी आहे का, किल्ली त्याच्याकडे राहणार का, स्टाफकडे दुसरी किल्ली असेल तर ती कधी वापरणार हे लिहून दिलंय का. भाडेकरार त्याच्या नावावर आहे का. आणि नंतर सरळ विचारा, "उद्या तो म्हणाला मला तुमचा वर्कर नको किंवा मी गोळ्या घेणार नाही, तर त्याचं घर जाईल का?" उत्तर हो असेल तर ते घर नाही, नियम पाळले तर मिळणारा बेड आहे. घर एकीकडे आणि मदत एकीकडे असली पाहिजे, म्हणजे एकावर भांडण झालं तरी दुसरं शाबूत राहतं.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. पूर्वी बेघर लोकांसाठी बऱ्याच ठिकाणी पायऱ्यांची पद्धत होती, आधी व्यसन सोडा, उपचार घ्या, नीट वागून दाखवा, मग घर. 1992 मध्ये न्यूयॉर्कला मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी पाथवेज टू हाउसिंग ही संस्था सुरू करून हे उलटं केलं, आधी घर, मग त्या माणसाला हवी तशी मदत, त्यालाच हाउसिंग फर्स्ट म्हणतात. कॅनडाने 2009 ते 2013 मध्ये 5 शहरांत मानसिक आजार असलेल्या सुमारे 2,000 बेघर लोकांबरोबर हे तपासून बघितलं, तर शेवटच्या 6 महिन्यांत हाउसिंग फर्स्टमधले 62 टक्के लोक पूर्ण वेळ घरात टिकलेले होते आणि नेहमीच्या सेवा मिळणाऱ्यांपैकी फक्त 31 टक्के. फिनलंडने 2008 पासून हेच राष्ट्रीय धोरण केलं आणि मोठमोठ्या शेल्टरांच्या जागी स्वतंत्र फ्लॅट केले. आणि साधी गोष्ट आहे हो, उद्या कुठे झोपणार याचीच खात्री नसेल तर माणूस गोळ्या वेळेवर घेईल कसा?

जागा बघायला किमान दोनदा जा, एकदा संध्याकाळी जा, कारण सकाळी सगळीकडे छानच दिसतं. स्टाफ खोलीत शिरताना दार वाजवतो का आणि उत्तराची वाट बघतो का हे बघा, ह्या एका गोष्टीवरून तिथलं वातावरण कळतं. फ्रिजला कुलूप असेल तर का ते विचारा. मॅनेजरशी बोलून झालं की तिथे राहणाऱ्याशी एकट्याने बोला, रात्री दोनला काही झालं तर कोणाला फोन करता, तो उचलतात का, पाहुणे आलेले चालतात का, मागचा वर्कर का गेला. वर्कर सतत बदलत असतील तर जपून, कारण विश्वास बसायला वेळ लागतो आणि दर वेळी नव्या माणसाला सगळी कहाणी पहिल्यापासून सांगणं फार थकवणारं असतं.

पैशाचं थोडक्यात, भाडं वेगळं आणि मदतीचा खर्च वेगळा लिहून घ्या, आणि त्याची पेन्शन किंवा पगार त्याच्याच खात्यात जाऊ द्या.

एक प्रश्न जवळपास सगळे विसरतात, तो म्हणजे हॉस्पिटलमध्ये अॅडमिट व्हावं लागलं तर खोली किती दिवस राखून ठेवणार? बरा होऊन आला आणि खोली दुसऱ्याला दिलेली, असं झालं तर सगळी मेहनत वाया. हे करारातच घालून घ्या. त्याबरोबर एका पानावर त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा की बिघडायला लागलं की आधी काय दिसतं (झोप उडते, फोन उचलत नाही वगैरे), तेव्हा कशाने बरं वाटतं, कोणाला बोलवायचं आणि कोणाला अजिबात बोलवायचं नाही.

शिफ्टिंग एकदम करू नका. आधी दिवसभर, मग एखादी रात्र, मग शनिवार-रविवार. आई-वडिलांनो, हे तुम्ही धडधाकट असतानाच करा प्लीज, तुमच्यानंतर घाईघाईत कोणीतरी कुठेतरी नेऊन ठेवण्यापेक्षा तुम्ही असताना त्याला तिथे रुळू द्या. सुरुवातीला संध्याकाळ जड जाते, एकटेपणा खायला उठतो, म्हणून संध्याकाळचं काहीतरी ठरलेलं हवं, क्लास, वाचनालय, फिरणं, काहीही. रोज फोन करा पण रोज जाऊन आवरून देऊ नका, भांडी दोन दिवस पडली तर पडू देत.

तीनेक महिन्यांनी त्याला, वर्करला आणि एका घरच्या माणसाला घेऊन बसा, आणि पहिल्यांदा त्याला बोलू द्या. जमत नसेल तर लगेच घर सोडायचा निर्णय घेऊ नका, आधी मदत बदलून बघा, तास वाढवा, वेळ बदला, वर्कर बदलून मागा, आणि तरीही तो म्हणाला इथे नको तर नवीन जागा हातात आल्यावरच जुनी सोडा.